सवडीनं बसव

३ जानेवारी, शनिवार. सकाळी ११.४०

खोकं आलं. दादानं पाठवलंय. कुरिअरवाल्यानं सही घेताना विचारलं, काचेचं आहे का. म्हटलं, त्याहून नाजूक.

आत चांद्रतळावरचा रेडिओ. आमच्या लहानपणच्या सिनेमातला, हुबेहूब, तेवढ्याच आकाराचा. फक्त सुटा. दोनशे अठरा भाग. तो सिनेमा आम्ही दोघांनी अकरा वेळा पाहिला. चंद्राच्या दोन टोकांना दोन माणसं अडकलेली आणि दोघांकडे एकेक रेडिओ. हा बटण दाबून विचारणार, "ऐकतोस का?" पलीकडचा म्हणणार, "ऐकतोय," की इकडे हिरवा दिवा लागणार. घरी हाच खेळ आम्ही बूटपॉलिशच्या डब्यांवर खेळायचो. दादा माळ्यावर, मी पलंगाखाली. 'ऐकतोस का' कायम दादाकडे. मला एका शब्दाचा रोल. पण मी तो जीव ओतून करायचो.

सोबत चिठ्ठी. 'सिनेमा आठवतो ना? सवडीनं बसव.' खाली सही नाही. दादा सही फक्त गॅरंटी-कार्डावर करायचा. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. आता उजवा डोळा गेला, डाव्यानं जेमतेम दिसतं. दुकान बंद केलं. पंधरा फेब्रुवारीला वहिनींना घेऊन मुलीकडे चाललाय, कायमचा. तिचं गाव दीड दिवसाच्या प्रवासावर आहे.

सगळा प्रकार लक्षात आला. आता स्वतःला दिसत नाही म्हणून काम धाकट्यावर सोपवलं. भरून आलं. शेवटी घरात तांत्रिक क्षेत्रातला दुसरा माणूस मीच. बावीस वर्षं लिफ्ट कंपनीत काढली आहेत.

ठराव: दादा जायच्या आत रेडिओ पूर्ण. एकट्यानं. पंधराला सरप्राईज.

चिठ्ठी जेवणाच्या टेबलासमोर भिंतीवर लावली. वर एक, खाली एक अशा तपकिरी टेपच्या दोन आडव्या पट्ट्या मारून. आता भूकंप झाला तरी पडणार नाही. (चष्मा न लावता वाचली. चष्मा ही डॉक्टरांची हौस आहे. माझी नजर उत्तम आहे.)

४ जानेवारी, रविवार

माहितीपुस्तक वाचलं. वाचलं म्हणजे पाहिलं. त्यात अक्षर नाही, नुसती चित्रं. प्रत्येक चित्रात दोन माणसं. एक हसरा, एक गंभीर. हसरा भाग धरतो, गंभीर स्क्रू पिळतो. बहुधा एकच माणूस आहे, कामाच्या आधीचा आणि नंतरचा.

संध्याकाळी दादाचा फोन. खोकं मिळालं का, मग सुरुवात कधी. म्हटलं, झालीसुद्धा! चार भाग बसले! यावर तो बराच वेळ गप्प. कौतुकानं माणसाची वाचा बंद होते ती अशी. मग म्हणाला, बरं, बरं. रविवारी मी मोकळाच असतो हं.

दुकान गेल्यापासून वेळ जात नसणार बिचाऱ्याचा.

७ जानेवारी, बुधवार

भागांचं वर्गीकरण. स्वयंपाकघरातल्या सगळ्या वाट्या घेतल्या. स्क्रू आठ जातींचे, पण सात आणि आठ मला सारखेच दिसले म्हणून एकत्र केले. कंपनीनं उगाच घोळ घातलाय.

हिनं विचारलं, आमटी कशात वाढू. म्हटलं, दोन आठवड्यांचा प्रश्न आहे. ही ताट मांडीवर घेऊन सोफ्यावर जेवली. एक शब्द बोलली नाही. पाठिंबा आहे.

११ जानेवारी, रविवार

नऊ भाग झाले. आठवड्याला नऊ म्हणजे पंधरा फेब्रुवारीपर्यंत साधारण चोपन्न. पण वेग वाढत जाणार आहे.

दादाचा फोन. कुठपर्यंत आलं? सांगितलं, तळ झाला. त्यानं विचारलं, तळाच्या आत एक बारीक स्प्रिंग असते, ती कशी घातलीस, चिमट्यानं का? म्हटलं, हो. मग ती स्प्रिंग शोधली. वाटीत होती. तळ आता उघडत नाही. स्प्रिंगशिवायही तळ तळाचंच काम करतो.

त्याला स्प्रिंगबद्दल कसं कळलं कोण जाणे. पुस्तकाची एक प्रत स्वतःकडे ठेवलेली दिसते. देखरेखीची सवय जात नाही.

१४ जानेवारी, बुधवार. ऑफिसातून, मधल्या सुट्टीत

सत्तेचाळीस नंबरचा भाग माझ्या डाव्या अंगठ्याला चिकटला आहे. सकाळी निघायच्या आधी पाचच मिनिटं म्हणून बसलो होतो. इन्स्टंट ग्लू नावाप्रमाणे आहे.

तसाच ऑफिसला आलो. माझं काम तक्रारी घेण्याचं. लिफ्ट अडकली की लोक मला फोन करतात आणि मी म्हणतो, 'मेकॅनिक निघालाय.' तो निघालेला असतो असं नाही, पण ऐकणाऱ्याला धीर येतो. आज दिवसभर हे वाक्य अंगठा वर करून म्हटलं. साहेबांना वाटलं, मी त्यांना अंगठा दाखवतोय. त्यांनीही दाखवला. संबंध सुधारले.

संध्याकाळी ६.३०. हिनं नेलपॉलिश काढायच्या औषधानं सोडवला. अंगठ्याची थोडी कातडी भागाला राहिली. रंग दिल्यावर दिसणार नाही.

१८ जानेवारी, रविवार

बाजूच्या दोन भिंती उभ्या करायच्या, मधे पट्टी घालायची आणि ग्लू वाळेपर्यंत सगळं वीस मिनिटं धरून ठेवायचं. याला चार हात लागतात. पुस्तकात आधीचा माणूस आणि नंतरचा माणूस मिळून धरतात. हे कसं, ते कळलं नाही.

कपड्यांचे आठ चिमटे, दोन झारे, कुकरची शिट्टी आणि एक लोणच्याची बरणी अशी योजना केली. तेराव्या मिनिटाला दारावरची बेल वाजली, मी दचकलो आणि भिंती आडव्या झाल्या. बरणी वाचली.

हिचं म्हणणं, भाऊजींना बोलवा की, चाळीस वर्षं तेच केलंय त्यांनी. समजावून सांगितलं की, (१) सरप्राईज आहे, (२) त्याला दिसत नाही, (३) त्यानं विश्वासानं माझ्यावर सोपवलंय. भिंतीवरची चिठ्ठी दाखवली. हिनं लांबूनच पाहिली. म्हणाली, मला काय कळतंय त्यातलं.

फोनवर दादा म्हणाला, यावं का रे तिकडे एकदा? म्हटलं, अजिबात दगदग करू नकोस, तू आराम कर, मी आहे ना. ठेवतो म्हणाला.

किती जीव लागलाय त्याला त्या रेडिओत. दुसऱ्याला सोपवून मोकळं व्हायला जमत नाही.

१९ जानेवारी, सोमवार

भिंती पुन्हा आडव्या.

२० जानेवारी, मंगळवार

भिंती उभ्या. किंचित कलल्या आहेत. सिनेमात चंद्रावर वादळ झालेलं असतं, त्यामुळे चालेल.

२२ जानेवारी, गुरुवार

आमच्या कंपनीतला सगळ्यात जुना मेकॅनिक, ज्याला सगळे पाना म्हणतात, घराजवळ एका लिफ्टवर आला होता. चहाला आणला. खरं म्हणजे रेडिओ दाखवायला आणला.

पान्यानं चहा थंड होईपर्यंत पाहिलं. मग म्हणाला, झाकणाच्या बिजागऱ्या उलट्या आहेत, झाकण मागून उघडतंय. बटणं पुढून दाबायची आणि झाकण मागून उघडायचं, असं नसतं. मी म्हटलं, डावखुऱ्यांसाठी असेल. तो म्हणाला, साहेब, याला जोडीदार लागतो. एकानं धरायचं, एकानं बसवायचं. लिफ्टवर आम्ही दोघंच जातो, एकट्यानं गेलं की माणूस खड्ड्यात.

लिफ्टवाल्यांची दृष्टी वर-खाली एवढीच असते. बिजागऱ्या काढायला गेलो तर झाकणाचा कोपरा हातात आला. पुन्हा चिकटवला. उलटंच राहू दे.

२५ जानेवारी, रविवार

आज दादाचा फोन नाही. मीच केला. वहिनींनी उचलला. म्हणाल्या, हे बसलेत गच्चीत. आवराआवर चाललीय का विचारलं, तर म्हणाल्या, कसली आवराआवर, ह्यांनी त्यांची ती स्क्रूड्रायव्हरची पिशवी तेल-बिल लावून तीन आठवडे दाराजवळ ठेवलीय, मी रोज अडखळते.

म्हणजे सामान बांधायला सुरुवात झालेली दिसते. बारीकसारीक गोष्टींपासून. दादा पहिल्यापासून शिस्तीचा.

रेडिओ: एकशे सहा भाग. रोज एक तास वाढवायचा. टीव्ही बंद.

२८ जानेवारी, बुधवार

टीव्ही चालू. पण पाठ करून बसलो.

३१ जानेवारी, शनिवार

आत्मविश्वास परत आला. कारण रंगकाम. इथं मला कुणी हरवू शकत नाही. सिनेमातला रेडिओ नवा नव्हता. गंजलेला, धुळीनं माखलेला, कडा घासलेल्या. नवा मुलामा जुनाट करणं ही स्वतंत्र कला आहे. कॉफीची पूड, पेन्सिलीचा भुगा, जुना टूथब्रश. पाच दिवस लावले. सगळ्या चुका गंजाखाली गेल्या. कललेल्या भिंतींना अर्थ आला. अंगठ्याची कातडी तर हुबेहूब गंज.

हा भाग दादाला जमलाच नसता. तो आयुष्यभर जुनं नवं करत आला.

३ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ७

ऑफिसातून आलो. रेडिओ चकाचक.

हिनं घासला. भांड्यांच्या साबणानं. म्हणाली, भाऊजी येणार शेवटचे, तुम्ही एवढं केलंत, त्यावर ही घाण कशाला. दीड तास घासत होते, काही काही निघतच नव्हतं. हात दाखवले. बोटं लाल झाली होती.

चहा करून दिला तिला. गंजाबरोबर अकरा बटणांवरची अक्षरंही निघाली आहेत. दोन बटणंही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा गंज चढवायला वेळ नाही. असं ठरवलंय की हा रेडिओ सिनेमा सुरू व्हायच्या आधीचा आहे. नुकताच चंद्रावर पोचलेला.

८ फेब्रुवारी, रविवार

पूर्ण झाला!

चौदा भाग उरले. कंपनी उदार आहे, जादा देते. सगळे एका वाटीत घालून वाटी फ्रिजवर ठेवली.

आता फक्त दिवा. दोन सेल घालायचे, बटण दाबायचं, हिरवा दिवा लागणार. दाबलं. लागला नाही. पुन्हा दाबलं. सेल उलटे केले. सुलटे केले. दुसरे आणले. रिमोटमधले काढून घातले. आता टीव्हीही लागत नाही.

दादाचा फोन आला. फार बोलला नाही. झाला का, म्हणाला. म्हटलं, झाला! ये पंधराला, बघच. म्हणाला, म्हणजे झालाच. मग हवापाण्याचं बोलला.

आवाज ओढल्यासारखा वाटला. गाव सुटायचं म्हणजे सोपं नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिसातून पान्याला फोन केला. दिवा लागत नाही, म्हटलं. तो म्हणाला, आत एखादी स्प्रिंग असेल बघा, सेलला टेकणारी. तळात.

म्हटलं, बरं, बघतो.

तळ उघडत नाही. हे कुणाला सांगायची सोय नाही. तो स्वतः येऊन बघतो का विचारलं, तर तो एका लिफ्टवर होता आणि आत माणसं होती. मला म्हणाला, निघालोच समजा. मला हे म्हणतो.

१४ फेब्रुवारी, शनिवार

ठराव बदलला. दिव्यावर बोलायचं नाही. बटणावर बोट जाऊ द्यायचं नाही. उंचीवर ठेवायचा, वर कापड टाकायचं, कापड काढायचं, टाळ्या, लगेच चहा. तसंही दादाला हिरवा की लाल कळणार नाही. लागलाय म्हटलं की संपलं.

हे लिहिलं आणि बरं वाटलं नाही. खोडत नाही, पान खराब होईल.

१५ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ३

गेले.

साडेबाराला आले, दोन तास होते. दादानं ती स्क्रूड्रायव्हरची पिशवी हातातच धरली होती. मोठं सामान गाडीत, ही हातात. म्हटलं, दे, ठेवतो. म्हणाला, राहू दे. टेबलाशी आला आणि समोरची खुर्ची ओढून बसला. मीही बसणार होतो, पण कापड काढायचं होतं म्हणून उभाच राहिलो. कापड काढलं. ही आणि वहिनी टाळ्या वाजवत होत्या.

दादानं बोटांनी पाहिला. झाकणापाशी बोट गेलं, मागे गेलं, बिजागरीवर थांबलं. बटणांवरून गेलं, दोन रिकाम्या जागांवर थांबलं. मग रेडिओ उचलून कानाशी हलवला, घड्याळ हलवायचा तसा. खाली ठेवला आणि तळावरून अंगठा फिरवला. मी सांगत होतो, ग्लू परदेशी आहे, हे डिझाईन डावखुऱ्यांसाठी आहे, बराच अभ्यास करावा लागला. तो हं, हं म्हणत होता.

वहिनी म्हणाल्या, "बघा ना जरा उघडून. पिशवी आणलीय ना मुद्दाम."

"आता कुठे," दादा म्हणाला. "निघायचंय."

मग त्यानं बटण दाबलं. मी हात पुढे केला होता, पण उशीर झाला. दाबून धरलं आणि माझ्याकडे तोंड करून, अगदी माळ्यावरच्या आवाजात, म्हणाला, "ऐकतोस का?"

मी म्हटलं, "बॅटरी लूज आहे, दादा. उद्या बघतो."

बटण सोडलं. हसला थोडा. म्हणाला, छान बसवलायस हं, मला तर हे जमलंच नसतं एकट्याला. चहा घेतला. निघताना पिशवी टेबलावर ठेवली. मी म्हटलं, अरे, हत्यारं विसरलास. म्हणाला, असू दे तुझ्याकडे, मला तिकडे काय करायचीत.

दिव्याचा विषय निघाला नाही. तसं पाहिलं तर कार्यक्रम चांगला झाला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

रजा टाकली. उगाच. दिवसभर टेबलाशी. पिशवी उघडली नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ६

हिला टेबल हवंय. म्हणाली, दीड महिना सोफ्यावर जेवतेय, आता पाठ धरली. रास्त आहे. रेडिओ कपाटावर ठेवला. वाट्या रिकाम्या करून दिल्या. फ्रिजवरची वाटी तिच्याच हाती लागली. हे चौदा भाग कशाचे, तिनं विचारलं. म्हटलं, माहीत नाही.

मग भिंत. चिठ्ठी काढायला गेलो तर टेप निघेना, पक्का लावला होता. हिनं डोळ्यांवर चष्मा आणून ठेवला, म्हणाली, बघून तरी काढा, रंग जाईल भिंतीचा. वरची पट्टी निघाली. खालची सावकाश ओढली.

'बसव'च्या खाली उकार आहे. दीर्घ. शेपटी चांगली लांब. टेपखाली होता.

सवडीनं बसवू.

पुन्हा वाचलं. चष्मा काढून वाचलं, मग 'बसव' दिसतं. चष्मा लावला की 'बसवू'.

दादाचं अक्षर मुळातच गिचमिड, असं इथं लिहायला घेतलं होतं. अक्षर छापल्यासारखं आहे. डोळे गेले तरी सवयीनं तसंच उमटलंय. टेप मी लावला होता.

पुस्तक काढून पाहिलं. हसरा आणि गंभीर ही दोन माणसं आहेत. गंभीर थोडा वयानं मोठा आहे, आणि त्याच्या डोळ्याला भिंग आहे. हे पहिल्या पानावर आहे.

दीड महिना तो रविवारी मोकळा होता.

हिला चिठ्ठी दाखवली. तिनं वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि टेबल पुसत राहिली. पुसून झाल्यावर म्हणाली, पोचले असतील, फोन करा.

फोन केला. वहिनींनी उचलला. पोचलो सकाळीच, मुलगी उतरवून घ्यायला आली होती, हे झोपलेत, प्रवासानं थकले. उठवू का? म्हटलं, नको, नको. मग निरोप आहे का काही, म्हणाल्या. म्हटलं, हो, सांगा, ऐकतोय म्हणून.

वहिनी म्हणाल्या, "काय ऐकताय, भाऊजी?"

म्हटलं, काही नाही. पोचलात ना, बरं झालं.